हेड मी बसवलं

मंठाळ

प्रिय बुद्धरत्न,

सप्रेम जयभीम. तुमचं नाव लिहिताना हात अडखळला. एवढ्या वर्षांच्या संसारात तोंडानं कधी घेतलं नाही, कागदावर तरी घ्यावं वाटलं. फोन असताना पत्र कामून, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुमच्या मागं खोलीतली सगळी माणसं दिसतात. कुणी भात शिजवतंय, कुणी चादर ओढून पडलंय. इकडं आई शेजारी बसून 'माझ्याकडं दे, लेकराचं तोंड बघू दे' करतात. त्यात बोलायचं ते राहूनच जातं. ठाणाकुशनूरचा तानाजी रविवारी तुमच्याकडं मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती हे देते.

आधी बातमी सांगते. आपली फियाट चालू झाली. मागच्या सुट्टीत तुम्ही इंजिनाचं हेड काढलं, कलबुर्गीला नेऊन घासून सपाट करून आणलं आणि बसवायच्या आधीच कंपनीचा फोन आला. तुम्ही घाईनं गेलात, हेड जुन्या लुगड्यात गुंडाळून खाटेखाली राहिलं. झाडताना झाडू त्याला लागायचा, तेव्हा तुम्ही घरात आहात असं क्षणभर वाटायचं. मी ते कधी तिथून हलवलं नाही.

मग सुजाताला कडगंचीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पोरगी हट्टाला पेटली, 'मी पप्पांच्या गाडीतच जाणार, एसटीनं न्हाई.' मी महादेवप्पा मिस्त्रीला बोलावलं. माणूस चांगला, पण त्याला त्या दिवशी आणखी दोन कामं होती. पान्याला लांब पाइप लावून त्यानं हेडच्या एका कडेपासून सुरू केलं आणि एकेक बोल्ट दम लावून आवळत दुसऱ्या कडेला गेला. मी बघत होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण तो मिस्त्री, मी शिवणकाम करणारी बाई, काय बोलणार? गाडी सुरू झाली, वेशीपर्यंत गेली आणि हेडच्या खालून पाणी झिरपायला लागलं. महादेवप्पा म्हणाला, "चालतंय अक्का, मधीमधी पाणी घालत ऱ्हावा." मी म्हटलं, "न्हाई, परत खोला."

तुम्हाला आठवतं का, लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तुमच्या गॅरेजवर डबा घेऊन यायचे? एकदा तुम्ही कुणाच्या तरी गाडीचं हेड बसवत होता. टॉर्क पाना माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "घे, तू आवळ." मी म्हटलं, मला नाही जमायचं. "जमतंय. ताकद लावायची न्हाई, ऐकायचं. टक वाजलं की हात सोडायचा." माझा हात पान्यावर आणि तुमचा हात माझ्या हातावर. मधल्या बोल्टपासून सुरू करायचं, मग एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, असं कडेला जायचं. पहिल्या फेरीत हलकं, दुसरीत थोडं जास्त, शेवटच्या फेरीत पुरतं. नाहीतर एका बाजूला दाब पडतो न् हेड वाकतं. बांगड्यांना ऑइल लागलं, डबा तसाच गार झाला. "बेस आवळायलीस की," असं तुम्ही म्हणालात, ते मला नंतर पुष्कळ दिवस पुरलं.

तर हेडखाली घालायचं नवीन गॅस्केट आणवलं. बोल्ट घासून पुसले, आटे साफ केले. भोकांत पाणी साचलं होतं, ते सायकलच्या पंपानं उडवलं. तुमच्या पेटीतला टॉर्क पाना काढला. महादेवप्पा म्हणाला, "अक्का, तुमी कामून हात घाण करायलाव? सांगा, मी आवळतो." मी म्हटलं, "तुमी उजेडाला बॅटरी धरा, अण्णा." त्यानं धरली बिचाऱ्यानं. मीच आवळलं, मधून कडेला, तिन्ही फेऱ्या. प्रत्येक 'टक'ला हात सोडत होते आणि दर वेळी वाटत होतं, आता वरून तुमचा हात येईल. गाडी चालवून आणली, पुरती थंड होऊ दिली आणि तुमच्या पद्धतीप्रमाणं पुन्हा एकदा सगळे बोल्ट तपासले. पाण्याचा थेंब नाही.

सुजाताला घेऊन मीच गेले. आई मागं बसल्या होत्या, वाटेत आळंदला त्यांच्या बहिणीकडं उतरल्या. पोरगी रस्ताभर बोलत होती. वसतिगृहात गादी टाकली, बादली ठेवली, खिडकीला दोरी बांधून दिली. निघताना ती म्हणाली, "मम्मी, आता तू एकटीच की गं." मी हसले. म्हटलं, आजी हाय की.

परतताना आळंदच्या पुढं एका तुरीच्या शेताजवळ गाडी बाजूला घेतली. आईंनी आठ दिवस बहिणीकडंच राहायचं ठरवलं होतं. गाडीत कुणीच नव्हतं. शेतातून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. लिंगम्मा नाव सांगितलं तिनं. "कामून थांबलाव बाई? गाडी बिघडली का?"

"न्हाई, अव्वा. गाडी चांगली हाय."

"मग?"

मी तांब्या हातात घेतला. ती बांधावर बसली, मी पाणी प्याले. मग तिनं विचारलं, "मालक कुटं असतेत?" मी म्हटलं, मस्कतला. ती तांब्या घेऊन परत शेतात गेली. तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा सुजाता पहिलीत होती. प्रत्येक वेळी येता, पाहुण्यासारखं राहता, आपल्याच घरात टॉवेल कुठंय म्हणून विचारता. सवय व्हायला लागते तोवर बॅग भरायची वेळ येते.

मागच्या शुक्रवारी तुम्ही फोनवर विचारलंत, कंपनी आणखी तीन वर्षांचा कागद देतेय, सही करू का? तेव्हा घरात शेजारपाजारचे बसले होते, मी म्हटलं, मागाहून सांगते. ते सांगायलाच हे पत्र. सही करू नका. इथं येऊन काय करणार, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. गॅरेज परत चालेल की नाही, तेही सांगता येत नाही. दोघं मिळून शोधू. वाट बघून मी थकले नाही, पण वाट बघत म्हातारं व्हायचं नाही मला. बॅग भरा, सगळी भरा, तिथं काही ठेवू नका. या खेपेला सुट्टीवर येऊ नका. घरी या.

तुमचीच,
पंचशीला