बाबांचं भाषण आणि सर्वज्ञांचा लाल ठिपका

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते जन्माच्या धांदरट) भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला कसा आहे? इथे सगळे ठणठणीत आहेत, फिरलंय ते फक्त माझं डोकं.

तुझ्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो, असा शब्द मी तुला दिला होता. बाबांचा आवाज त्या कॅसेटशिवाय कुठेही उरलेला नाही, म्हणून "दुकानात देऊ नकोस, हरवतील" असं तूच बजावलंस. दुकानदाराने फार तर हरवली असती. मी ती माझ्या मेहुण्याच्या हाती दिली. (मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. त्याला आम्ही चिडवायला सर्वज्ञ म्हणतो आणि तो ते खरं मानतो.) हा व्हिडिओ कॅप्चरची डबी घेऊन आला. डबी काडेपेटीएवढी आणि तिच्यावरचं व्याख्यान जेवणं निवून जाईपर्यंत. डबीबरोबर आलेलं माहितीपत्रक त्याने चहाच्या कपाखाली घातलं. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, एवढं माझ्याही टाळक्यात शिरलं. पुढे कॉम्प्युटरने विचारलं, आवाज कुठून घेऊ, डबीतून की मायक्रोफोनमधून? सर्वज्ञ म्हणाले, "अहो, आवाज माइकच पकडणार. डबीला काय कान असतात?" उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी शंका काढली, तर म्हणे, "तो लाल ठिपका दिसतोय ना? मग होतंय रेकॉर्ड." माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्या ठिपक्याकडे बोट.

कॅसेट जेवढा वेळ चालते तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, म्हणून आम्ही सगळे टीव्हीसमोर बघत बसलो आणि बघता बघता तोंडं सुटली. नंतर फाइल लावली, तर चित्र झकास आणि आवाज आमच्या खोलीचा! तू लाजत स्टेजवर येतेस आणि कुकरची शिट्टी होते. तुझ्या सासूबाई डोळे पुसतात आणि सर्वज्ञ वायफायचा पासवर्ड विचारतात. पुन्हा उतरवू म्हटलं, तर व्हीसीआरने कॅसेट खाल्ली. (व्हीसीआर सर्वज्ञांच्याच माळ्यावरचा, अनेक वर्षांचा उपाशी.) फितीचा गुंता हातात धरून हा गृहस्थ म्हणतो, "बरं झालं, मी आधीच उतरवून ठेवली." या माणसाला लाज म्हणून नाही. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये जे काही हाती लागलं ते आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींना आवाज बंद करूनच दाखव. "कोट मागून आणलेला दिसतोय, खांदे बघा कुठे आलेत" असं जो म्हणतो, तो सर्वज्ञ. त्याचा आवाज अगदी माझ्यासारखा आहे.

ता. क. आणखी एक. बाबा बोलायला उठतात, तिथलं मात्र कुणावर ढकलता येत नाही. "गप्प बसा सगळे, बाबा बोलतायत!" असं मीच ओरडत सुटलोय, थेट बाबा खाली बसेपर्यंत. बाकीचे केव्हाच गप्प झाले होते. ताई, लग्नातही मी बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लावत होतो आणि कॅसेट कायम तुझ्याकडे राहिली. ते भाषण मी एकदाही ऐकलेलं नाही. तू बाबांच्या शेजारी उभी होतीस. ते काय म्हणाले, तेवढं मला लिहून पाठव, जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत.