कागदी कुटुंब आणि आपलं

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, आई ठीक आहे. फोनवर बाबांचा विषय निघाला की तुला नेमका दुसरा फोन येतो, म्हणून लिहायला बसले आहे. पत्र मध्येच कट करता येत नाही. फार तर फाडून टाकशील, पण तू आधी वाचून मग फाडणारा आहेस हे मला ठाऊक आहे.

आधी बातमी ऐक, आणि खुर्चीत नीट बसून ऐक. आपल्या घरात कर भरायचं सॉफ्टवेअर आलं. मीच आणलं. हो, बाबांच्या ऑफिसच्या त्याच रस्त्याकडच्या खोलीत, जिथे क्लायंट बाकावर बसलेले असताना बाबांनी तुला सुनावलं होतं की ज्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा नाही त्याने या खोलीत पाऊल टाकू नये. तू त्यांना न विचारता निम्म्या लोकांची विवरणपत्रं कॉम्प्युटरवर केलीस, आणि हे त्यांना एका क्लायंटाने कौतुकाने सांगावं! तू खोलीची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि गेलास. त्यानंतर खोली हळूहळू रिकामीच होत गेली. लोक आपापल्या घरी आपलं आपण भरायला लागले, बाबांचं वय झालं, आणि शेवटी आपल्या घरचं तेवढं एक विवरणपत्र उरलं. त्या एकासाठीसुद्धा ते दर वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत जाऊन बसतात.

यंदा बसले ते उठेचनात. रोज सकाळी तेच कागद, तीच बेरीज, दुपारी सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून. विचारलं की म्हणायचे, यंदाचे नियम चमत्कारिक आहेत. नियमांत काही बदल नव्हता, मी चौकशी केली होती. मुदत जवळ आली तसा आईचा जीव टांगणीला लागला. तिने मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, तू काहीतरी कर, पण त्यांना कळू न देता कर. या घरात त्यांना कळू न देता काही करण्याचं फळ आपण एकदा बघितलंय. म्हणून मी सरळ जाऊन म्हटलं, बाबा, मी सॉफ्टवेअर घेतेय, कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पण ते रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, आण तर, बघू काय लायकीचं आहे.

मग काय विचारतोस! तीन सॉफ्टवेअरं वापरून बघायला म्हणून लॅपटॉपवर घेतली आणि बाबांनी त्यांची परीक्षा लावली. कसली, ते तू ओळखलंच असशील. कागदी कुटुंब! खोलीत नव्याने नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाला ते जे गणित घालायचे तेच. घड्याळं दुरुस्त करणारी विधवा बाई, वरची खोली भाड्याने दिलेली, मुलगा अर्धं वर्ष नोकरीला आणि अर्धं वर्ष शिकायला, आणि सासरे आळीपाळीने दोन मुलांच्या घरी राहणारे. सगळं तोंडपाठ, आकड्यांसकट. पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. त्याने अख्ख्या घराचा विजेचा खर्च भाड्याच्या खोलीवर टाकला, आणि वर पडद्यावर रंगीत फुगे सोडून अभिनंदन केलं. बाबा म्हणाले, याला मी दुपारपर्यंतसुद्धा ठेवला नसता. दुसऱ्याने सासऱ्यांबद्दल काही विचारलंच नाही, नुसतं जास्तीचे पैसे भरून वरच्या दर्जाचं घ्या म्हणून मागे लागलं. तिसरं दिसायला अगदी रुक्ष, पण त्याने विचारलं, ही व्यक्ती तुमच्या घरी वर्षातले किती महिने राहिली? बाबा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, हा बरा दिसतोय.

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना हे बरं दिसतं की ते बरं, असं विचारत भिंगं बदलत असते. तसंच चाललं होतं आमचं, आणि बाबा इतके तरतरीत दिसत होते की माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, उगाच घाबरलो आपण. तुझीही आठवण काढली त्यांनी. आईचा हात पोळीवर थांबला. म्हणाले, पहिल्या फटक्यात हे गणित बरोबर सोडवलं ते एकट्या बारक्याने. हे तुला त्यांनी कधी तोंडावर सांगितलं नाही, पण त्या वर्षी खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. मी कान किटेपर्यंत ऐकलंय.

तिसरं घेतलं. रविवारी सकाळी मी लॅपटॉपपुढे, बाबा शेजारी कागद धरून. नाव, पत्ता, वय, सगळं ठीक. मग त्याने विचारलं, घरात तुमच्यासह किती माणसं राहतात? बाबा म्हणाले, चार. मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसून तीन लिहिलं, तर वैतागले. बारक्याला कुठे टाकलंस म्हणाले. आणि मलाच समजावायला लागले, अगं तो क्लायंटकडे सहीला गेलाय, येईल एवढ्यात. हे मशीन त्याच्याकडे दे, त्याला छान जमतं. मीच त्याला म्हटलं होतं, घेऊन ये, आता काळ बदलला, आपल्या खोलीत पाहिजे.

खरं सांगते, मला आधी राग आला. इतकी वर्षं आई आणि मी या घरात जपून जपून वावरतोय. जेवताना तुझं नाव काढायचं नाही, तुझा फोन आला तर गॅलरीत जाऊन बोलायचं. आणि हा माणूस खुशाल म्हणतो, मीच सांगितलं! वाटलं, अंगावरचं झटकून टाकतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तुला आठवतं ना, खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात? काही लाल नव्हतं. अगदी शांत, खूश चेहरा. मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. नंतर ते चहाला गेले तेव्हा तीन लिहून विवरणपत्र पाठवून दिलं.

डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. त्या म्हणाल्या, घोटून घोटून पाठ झालेलं अजून घट्ट आहे, मधल्या वर्षांतलं निसटत चाललंय. पुढे माणसंही निसटतील, कधी ते सांगता येत नाही. आई बसमध्ये घरापर्यंत बाबांचा हात धरून बसली.

तू मला म्हणाला होतास, त्यांनी स्वतः फोन करावा, चुकलो म्हणावं, मी दुसऱ्या दिवशी दारात हजर होईन. तुझं चूक नव्हतं. मी तुझ्या बाजूची होते, आजही आहे. पण तो फोन आता येणार नाही रे. ते अडून बसलेत म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी तू घर सोडून गेलेलाच नाहीस, मग माफी मागायची कशाची? ते भांडण आता तुझ्या एकट्याकडे उरलंय. त्या रविवारपासून रोज संध्याकाळी ते खोलीच्या दारात उभे राहतात आणि बारक्या अजून कसा आला नाही म्हणून विचारतात. आई रोज नवी सबब सांगते, आणि आता तिलाही काही सुचेनासं झालंय. ते तुला ओळखतायत तोवर ये. दारातच रागावतील, एवढा वेळ कुठे होतास म्हणून. रागावू दे. क्लायंट घरी नव्हता, थांबावं लागलं, एवढंच सांग.

तुझीच,
ताई