चौसष्ट टक्क्यांवरची जीप

रविवार, १६ मार्च २०२५

आज ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

वाशिमहून मंगरूळपीरला परत येताना चढावर आपल्या जीपला ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं. ट्रॅक्टरमध्ये हरभऱ्याची पोती, पोत्यांवर माणसं. त्यातल्या एकाने हात हलवून आम्हाला टाटा केलं. आरशात बघितलं तर मागे सगळा काळा धूर. लिलाने नाकाला पदर लावला. बोलली काही नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचं न बोलणं फार स्पष्ट ऐकू येतं.

निदान: जीप २००९ची. इंजिन दणकट. पण या गाडीत एक कम्प्युटर आहे, तो ठरवतो कधी किती डिझेल सोडायचं. सोळा वर्षांत तो विसरभोळा झाला आहे. त्याला नव्याने शिकवावं लागेल. शिकवणं हे तर माझं बत्तीस वर्षांचं काम. नववी-दहावीच्या किती मठ्ठ पोरांना विज्ञान शिकवलं, हा तर साधा डबा.

आधी इंजिन साफ करणार, मग कम्प्युटरचं रीप्रोग्रामिंग. मुदत ३ एप्रिल. त्या दिवशी ज्योत्स्नाला दिग्रसहून बाळंतपणासाठी आणायचं आहे. सातवा लागला तिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, प्रवास काय तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नंतर गाडीत बसायचं नाही. एकुलती लेक. बापाच्या गाडीतून माहेरी येईल.

रिटायर झाल्यापासून हातात ठोस काही नव्हतं. आता आहे.

सोमवार, १७ मार्च

जब्बारभाईच्या गॅरेजला सहज गेलो. सल्ला घ्यायला नाही, त्याला बरं वाटावं म्हणून. त्याने बॉनेट उघडलं, मला रेस द्यायला सांगितली, एका जाड रबरी नळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, नळी फाटली हाये. हवा बाहीर जाऊन राह्यली. नळी बदलू, फिल्टर बदलू, झालं. कम्प्युटरले हात नका लावू."

रोजे चालू आहेत. थकलेला असेल, म्हणून सोपं उत्तर दिलं. शिवाय हा माणूस कार्बोरेटरच्या जमान्यातला.

त्याची मुलगी नमरा तिथेच होती. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून आता गॅरेज तीच बघते. माझीच विद्यार्थिनी. तिने स्कॅनर पुढे केला. "सर, लावून पाहू का? पाच मिन्टं लागतात." म्हटलं, नको बेटा. जिला ओहमचा नियम मी शिकवला, तिच्याकडून मी गाडी तपासून घेऊ? जगाची काही रीत आहे की नाही.

गुरुवार, २० मार्च

ऑनलाईन मागवलेली केबल आली. एक टोक जीपच्या स्टिअरिंगखाली, दुसरं लॅपटॉपला. सोबतची माहिती चिनी भाषेत. आकृत्या आहेत, त्या कळतात. लॅपटॉप ज्योत्स्नाच्या कॉलेजचा, चालू व्हायला अकरा मिनिटं घेतो. तेवढ्यात माझा प्राणायाम होतो.

लिलाने विचारलं, हे करून पाहिलंय का कधी? म्हटलं, सगळं पहिल्यांदाच असतं. ती म्हणाली, "मंग पहिल्यांदा दुसऱ्या कोनाच्या गाडीवर करा ना." हिला प्रयोगशील वृत्तीच नाही.

शनिवार, २२ मार्च. सकाळी ७

ट्यून-अप सुरू. एअर फिल्टर काढला, आपटला. आतून धूळ, पानं आणि एक मेलेला सरडा. याला म्हणतात मूळ कारण. फोटो काढून जब्बारभाईला पाठवला. उत्तर नाही.

दुपारी १

धूर परत इंजिनात फिरवणारा एक वाल्व्ह असतो. तो काजळीने पूर्ण चोंदला होता. घासायला जुना टूथब्रश सापडला नाही, जो सापडला तो घेतला. आता लिला म्हणते तो तिचा होता आणि परवाच काढला होता. गाडी कोणासाठी चालली आहे याचा विचार नको?

रविवार, २३ मार्च

सगळं परत बसवलं. तीन बोल्ट उरले. कारखान्यात जास्तीचे लावत असणार, सोळा वर्षं फुकटचं वजन वाहिलं. गाडी चालू केली. आवाज बदलला आहे. रेस दिली की एक बारीक शिट्टी वाजते. इंजिनाचा श्वास मोकळा झाला.

शेजारच्या कस्तुराबाई बाहेर येऊन म्हणाल्या, कुकर बंद करा हो कोनी तरी.

मंगळवार, २५ मार्च

केबल जोडली. कम्प्युटर बोलला! सात चुका दाखवल्या, सगळे नंबरच नंबर. खाली 'पुसा' असं बटण. दाबलं. सातही चुका गायब. तीस वर्षं गॅरेज चालवून जब्बारभाईला जे जमलं नाही, ते एका बटणात.

बुधवार, २६ मार्च

नऊ चुका.

परत पुसल्या. शाळेतही असंच व्हायचं, चाचणीनंतर काही पोरं आणखी बिघडत. मूळ अभ्यासक्रमच बदलायला हवा.

शुक्रवार, २८ मार्च

अभ्यासक्रम मिळाला. मोबाईलवरच्या एका ग्रुपात एकाने फाईल दिली. म्हणाला, याच इंजिनाची आहे, ताकद तीस टक्के वाढेल, धूर जाईल. त्याने स्वतः वापरली का, असं विचारलं. त्याने अंगठा पाठवला. सकारात्मक माणूस.

संध्याकाळी दिग्रसहून व्याह्यांचा फोन. म्हणाले, सर, आमच्या गाडीनं सोडून देतो ज्योत्स्नाला, तुमी कायले त्रास घेता? मी सांगितलं, माझी लेक माझ्या गाडीतून येईल, तीन तारखेला दहा वाजता दारात उभा असेन. फोन ठेवल्यावर लिला म्हणाली, "हो म्हनाचं होतं." मी म्हटलं, बापाच्या भावना तुला कळायच्या नाहीत. ती म्हणाली, ज्योत्स्नाले रस्त्यातले गड्डे कळतात, भावना नाही.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

साडेतीन मुहूर्तांतला एक. यापेक्षा चांगला दिवस कोणता? बॉनेटला हार घातला. १०.४०ला फाईल टाकायला सुरुवात. स्क्रीनवर लिहून आलं की मध्ये बॅटरी कमी होता कामा नये. म्हणून जीपच्या बॅटरीला चार्जर लावून ठेवला होता. सगळा विचार केलेला.

दहा टक्के. वीस. पस्तीस. ऊन भयंकर, बेचाळीस तरी असेल. लॅपटॉप तव्यासारखा तापला, मी पण. टेबलफॅन आणला. एक्स्टेन्शन बोर्डात चालू जागा एकच, तीत चार्जरची पिन. अशा वेळी निर्णय घेता आला पाहिजे. मी पंखा निवडला. दोन मिनिटांचा तर प्रश्न होता.

चौसष्ट टक्के.

चौसष्ट टक्के.

चौसष्ट टक्के. मग संपर्क तुटल्याची लाल पाटी.

दुपारी ३

अजून चौसष्ट. सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरतं, पण पकडत नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात. हार वाळला. लिला दोनदा जेवायला बोलावून गेली, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं. मी सांगितलं, अपडेट चालू आहे. कम्प्युटरला नवीन ज्ञान पचायला वेळ लागतो.

सोमवार, ३१ मार्च. ईद

दरवर्षी जब्बारभाईकडे शिरखुर्मा प्यायला जातो. या वर्षीही गेलो, चालत. तसं जाता जाता विचारून घेऊ असा बेत होता.

त्याच्या बायकोने, लतीफाभाभींनी वाटी दिली. जब्बारभाईने गळाभेट घेतली आणि विचारलं, "सर, एवढ्या उन्हात पैदल? गाडी कशी हाये?"

"एकदम," मी म्हणालो. "व्यायाम म्हणून चालतो हल्ली."

दुसरी वाटी. विचारणार होतो, तेवढ्यात पाहुणे आले. तिसरी वाटी. नमरा नवे कपडे घालून समोर बसली होती, ती माझ्या नखांकडे बघत होती. नखांत काजळी होती. "सर, फाईल-बिईल टाकली नाई ना तुमी?" तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, कसली फाईल? सणाच्या दिवशी लोकांच्या घरी धंद्याचं बोलू नये. म्हणून काही बोललो नाही. निव्वळ संस्कार.

परत येताना पोट फार जड होतं.

मंगळवार, १ एप्रिल

ग्रुपात परिस्थिती लिहिली. अंगठेवाल्याचं उत्तर: कम्प्युटरची वीट झाली. वीट! कम्प्युटर कायमचा बंद पडला की तसं म्हणतात म्हणे. माझ्या गाडीला वीट म्हणणाऱ्यांशी मला संबंध ठेवायचा नाही. ग्रुप सोडला. नंतर आठवलं की मूळ फाईल कुठून मिळेल हे त्यालाच विचारायला हवं होतं. ग्रुपात परत घेईनात.

बॅटरीची वायर काढून तीन तास विश्रांती दिली. लावली. आता इंजिन फिरतही नाही.

बुधवार, २ एप्रिल

परिस्थितीचा थंड डोक्याने विचार केला. रविवारी रामनवमी. पोहरादेवीच्या यात्रेला लाखो लोक, मानोऱ्यापासून रस्ता जाम. सातव्या महिन्यातल्या गरोदर मुलीला अशा गर्दीतून आणणं हा शुद्ध बेजबाबदारपणा. व्याह्यांना फोन करून तसं कळवलं. म्हटलं, यात्रा आटोपली की आणतो. ते म्हणाले, अहो, पन डॉक्टरीणबाईनं सांगितलं ना, या हप्त्यातच. आमच्या गाडीनं सोडलं असतं, पन पोरगा आजच ती घेऊन नागपूरले गेला.

मग ज्योत्स्नाचा फोन. "बाबा, गाडीले काय झालं?"

काही नाही, म्हटलं. रस्त्याचा विचार करतोय.

"माही बॅग भरून आठ दिवस झाले," ती म्हणाली. "मी रोज त्यातून एक-एक कपडा काढते आन् परत ठेवते." आवाज बसलेला होता. सर्दी असेल. या दिवसांत होते.

फोन लिलाकडे दिला. ती आत घेऊन गेली. बाहेर आल्यावर तिने समोर उभं राहून विचारलं, "मले एवढंच सांगा. गाडी चालू होते का नाई?"

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या—

तिने पुढचं ऐकलं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल. सकाळी ७

दारात पांढरी गाडी. नमरा चालवते आहे, शेजारी लतीफाभाभी, मांडीवर दोन उशा. लिला तयार होती, डबा भरलेला. काल तिनेच फोन केला होता. मला कोणी विचारलं नाही, पण माझा विरोध नव्हताच. नियोजन शेवटी तीन एप्रिलचंच होतं, ते पाळलं गेलं. मी म्हटलं, मीही येतो. लिला म्हणाली, तुमी घरीच थांबा. घरी कोणीतरी हवंच म्हणा. जीपवर ऊन येतं, ताडपत्री टाकायची होती.

दुपारी २

आली. यात्रेची गर्दी लागली होती, नमराने आतल्या रस्त्याने आणली. एकही गचका बसू दिला नाही म्हणे. ज्योत्स्ना फार थकलेली पण हसत होती. पाया पडायला वाकली, तर लिलाने धरलं. "ये," एवढंच म्हणालो. बॅग मी उतरवली. ती मात्र मीच.

शनिवार, ५ एप्रिल

आता बोलवावंच लागलं. जब्बारभाई आणि नमरा आले. दोघांपैकी कोणीही 'सांगितलं होतं' असं म्हणालं नाही. त्यामुळे जास्तच त्रास झाला.

नमराने कम्प्युटरचा डबा काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, उघडला, बारीक वायरी जोडल्या. आधी चार्जर लावला. बोर्डातला पंखा तिने काढला, माझ्याकडे न बघता. शून्यापासून शंभरापर्यंत पाऊण तास. तोवर जब्बारभाईने रबरी नळी बदलली. जुनी मला दाखवली, चिरेतून त्याचं बोट आरपार गेलं. उरलेले तीन बोल्ट कुठे आहेत, असं त्याने विचारलं. मी आणून दिले. त्याने तिन्ही लावले. तिन्हींना जागा होती.

गाडी एका सेल्फला चालू. धूर नाही, शिट्टी नाही.

मी नमराला म्हटलं, म्हणजे चौसष्ट टक्के काम झालेलं होतं, तू वरचे छत्तीस केलेस. पोरीने मान खाली घालून सांगितलं, "नाई सर. तुमचं सगळं पुसा लागलं. कंपनीची जुनीच फाईल टाकली, पयल्यापासून."

म्हणजे कम्प्युटर विसरभोळा नव्हता का?

"नाई सर. त्याले सगळं आठवत होतं."

रविवार, ६ एप्रिल. संध्याकाळी ६

वाशिम रोडने एकटाच जाऊन आलो. त्याच चढावर जीप पाण्यासारखी गेली. रस्त्यावर ट्रॅक्टर नव्हता. कोणीच नव्हतं.

घरी आलो तर नमरा आलेली, तिचा पाना राहिला होता तो घ्यायला. ओट्यावर ज्योत्स्ना, लिला आणि ती, बोलणं रंगात आलेलं. मी गाडी लावत होतो. ज्योत्स्ना तिला सांगत होती, "जूनमदी फोन बंद ठेवजो नको हं. दवाखान्यात जायची वेळ आली का मी पयले तुलेच फोन करीन. तू चालवजो, पुढं आई बसंन, मागं माह्यासंगं लतीफाचाची."

मी पायरीपाशी उभा राहिलो. म्हटलं, आता आपली जीप चांगली झाली आहे.

"हो बाबा," ज्योत्स्ना म्हणाली. "लय चांगली झाली."

मी विचारलं, त्या दिवशी मी कुठे बसू?

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.