कुणाच्या वाड्यातली?

लातूर, दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

हाताचा डिझेलचा वास अजून जात नाही. साबण लावून झाला, लिंबूही चोळून झालं.

आमच्या शाळेतले कांबळे सर सकाळी आले. निलंग्याच्या घरून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एक तलवार आणली होती. जुन्या तलवारींचा गंज काढायचा मला नाद आहे, हे त्यांना ठाऊक. लुगडं सोडलं, मूठ दिसली आणि माझ्या तोंडून निघालं, "कुणाच्या वाड्यातली ही?"

ते हसले. "वाड्यातली न्हाई, सर. आमच्या आज्याची हाय. रातची गस्त घालायचा गावात."

मी खाली मान घालून पात्यावर डिझेलचा बोळा फिरवत राहिलो. गंजाखालून चांगलं पोलाद दिसायला लागलं. मुठीवर बोटांनी झिजलेली जागाही दिसली. आजोबांचीच बोटं असणार. "अस्सल आहे!" मी म्हणालो, जरा जास्तच मोठ्यानं. त्यांनी तलवारीला पुन्हा लुगडं गुंडाळलं. "ऱ्हायलेलं मी घरीच घासतो, सर."

दसऱ्याआधी पाटलांची तलवार साफ केली, तेव्हा मी काय विचारलं होतं? "कोणत्या पणजोबांची?" आणि कांबळे म्हणजे इतकी वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लेला, मला त्याच्या डब्यातलं देणारा माणूस. वाडा कुठून आला माझ्या तोंडात?

आत्ता चहा देताना बायकोला फरशीवर गंजाचे डाग दिसले. तिनं सहज विचारलं, "कुणाची हो तलवार?"

एवढंच तर विचारायचं होतं.