खिडकीतले दोन वेल

अपेक्षा बाई,

धाडच्या बाजारात जाऊन राह्यलो. जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला, म्हणून लिहून ठेवतो.

तू सासरहून आणलेले दोन्ही वेल मले एकसारखेच दिसत. काल म्हटलं, खिडकीत जागा नाही, मनीप्लांट ठेव अन् दुसरा फेकून दे. सकाळी मीच फेकायले उठलो, तं मनीप्लांट कोणता हेच समजेना. मंग जवळ बसून पाह्यलं. एकाचं नवं पान जुन्या देठातूनच सुरळीसारखं उलगडते, जाड अन् चकचकीत. तोच मनीप्लांट. दुसऱ्याचं पान लसणाच्या सालीसारख्या पापुद्र्यात गुंडाळलेलं येते. माह्या डोळ्यासमोर तो पापुद्रा सुटला अन् आतून तांबूस, कवळं पान निघालं. जन्मभर शेती केली, पण असं बसून कधी पाह्यलंच नव्हतं. हात जोडले मी त्याले.

दोन्ही ठेवजो. खिडकीतला माहा रेडिओ काढला हाये.

"कधी पाठवता" म्हणून जावयाचा फोन येईन. तू उचलू नको, मी बोलतो त्याच्याशी.

तुही बॅग अजून बांधलेलीच दिसली. कपाटाचा खालचा खण रिकामा केला हाये. कपडे लावून घेजो.

बाबा