तिसऱ्यांच्या जागी चिखल

प्रिय अक्षया,

आईचं पत्र बघून दचकशील. घाबरू नकोस, तुझे बाबा धडधाकट आहेत. चहा गोड नाही म्हणून माझ्याशी भांडून आताच खाडीवर गेलेत. पाणी ओसरलं की तिथे जाऊन नुसतं उभं राहायचं, हेच आता त्यांचं काम. तिसऱ्यांचे शिंपले वेचायची टोपली न्यायचीसुद्धा सोडली.

खारफुटीच्या मागे तो चिखलाचा झरा आहे ना, आपोआप रटरटणारा? लहानपणी तू त्याला 'पेजेचो टोप' म्हणायचीस. गेल्या पावसाळ्यापासून तो जोरात उसळायला लागला. राखाडी गाळ ओघळून थेट खाडीत, आपल्या तिसऱ्यांवर. काय वास सुटला मेलेल्या शिंपल्यांचा! सरकारी साहेब आले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. म्हणाले, हे नैसर्गिक आहे, यात कुणाचा दोष नाही. मग भांडायचं तरी कुणाशी गो?

शेवटी बाबांनी आणि शेजारच्या सत्यवानने वाडी गोळा केली. झऱ्याखाली खड्डे खणले, बांध घातले. गाळ तळाला बसायचा आणि वरचं निवळ पाणी खाडीत जायचं. खरंच सांगते, बारीक तिसऱ्या परत दिसायला लागल्या. फोनवर तुझ्यापुढे किती फुशारकी मारली होती मी! पण ते खड्डे रोज उपसायला हवेत. घरटी पाळी लावली होती. दिवाळीत पर्यटक आले, बोटी धावायला लागल्या, वाडी त्यांच्यामागे लागली, आणि पाळीला आम्ही दोघं आणि सत्यवान, एवढेच उरलो. बाबांची कंबर धरली ती धरलीच.

तेव्हा बैठकीत ठरलं, झऱ्याचं तोंडच बंद करूया. चिरे रचले, सिमेंट ओतलं. गावकाराने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो चिखल हयसरच आवर, लेकरांच्या पोटार येऊक देव नको." आम्ही सगळ्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हटलं, नारळ फोडला, खोबरं वाटलं. आणि झरा थांबला की! मला तर आनंदाने रडूच आलं.

शिमग्यानंतर तोच चिखल खाडीच्या आत वर आला, बरोबर तिसऱ्यांच्या जागेत. तिथे बांध घालता येत नाही, खड्डा खणता येत नाही, भरती आली की सगळीकडे पसरतो. चिरे काढून पाहिले, तर वरचं तोंड कोरडं ठणठणीत. सत्यवानने होडी विकायला काढली आहे. बाबा अजून म्हणतात, "वायच थांबूया, निवळतला." कसलं निवळतंय, डोंबल!

आणि तुम्ही दोघं नोकऱ्या सोडून मे महिन्यात कायमचे यायला निघालात, याच खाडीत कालवांची शेती करायला. घराला रंग कुठला द्यायचा तेही किरणरावांनी विचारून झालं. तू मुंबईला गेल्यापासून माझं एकच रडगाणं, कधी येतेस, कधी येतेस. आता तीच मी सांगते, येऊ नकोस. राजीनामा दिला असशील तर मागे घे. सणाला या, चार दिवस राहा आणि जा. परवा हेच सांगायला फोन केला होता. तुझा आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून निघालं, "ये गो बाय, लवकर ये." म्हणून लिहायला बसले. ते बोलणं मनावर घेऊ नकोस, हे लिहिलेलं खरं धर.

तुझीच,
आई