शंभराचं सँडविच

मार्लो, इंडियाना
रविवार, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप वेंडल मामा यांस,
इडाचा शि. सा. न. वि. वि.

कालच्या पत्रात माझ्या हातून एक चुकीची गोष्ट लिहिली गेली, ती आधी दुरुस्त करते. शुक्रवारी टर्टल रिव्हर कॉलेजविरुद्धच्या सामन्यात शेवटी आपल्या टोबीला घड्याळाचं भान राहिलं नाही आणि बास्केट राहून गेली, असं मी लिहिलं होतं. तसं झालं नाही. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस हात वर करून उभा राहिला, त्यामुळे शेवटचे क्षण मला दिसलेच नाहीत, आणि जे दिसलं नाही ते मी अंदाजानं भरून काढलं. आता चित्रण पाहिलं आणि टोबीलाही विचारलं. त्याला घड्याळ स्वच्छ दिसत होतं. त्यानं चेंडू मुद्दामच टाकला नाही.

आता सगळं क्रमानं सांगते. नोव्हेंबरातले सामने कसे असतात ते तुम्हाला मी काय सांगावं! जानेवारीत बरोबरीचे संघ येतील तेव्हा आपल्या विद्यापीठाच्या कोच ब्रॅनिगनसाहेबांना घाम फुटेल. तोवर लांबलांबची चिमुकली कॉलेजं बसमध्ये घालून आणायची, त्यांना चाळीस गुणांनी चेचायचं आणि वर पत्रकारांना सांगायचं, की मुलांची जिंकायची भूक बघून बरं वाटलं. टर्टल रिव्हरची मुलं आदल्या दिवशी नॉर्थ डकोटाहून निघाली होती. त्यांचा सर्वांत उंच खेळाडू आपल्या ब्रॉकच्या खांद्याला लागत होता. त्याच्या डोक्यावरून चेंडू रिंगमध्ये कोंबून झाल्यावर ब्रॉकनं किल्ला सर केल्यासारखा चारी बाजूंना मान फिरवून मुजरा घेतला. लोकांनी केलासुद्धा. मधल्या सुट्टीत शेजारच्या पर्डमकाकांनी मला विचारलं, की आज समोर कोण आहे गं. मी सांगितलं तर म्हणाले, ते कॅनडात ना? आणि हे गृहस्थ आपल्याला खेळातलं कळतं म्हणून सगळ्या रांगेला ऐकवत बसतात.

टोबीला संघात का ठेवलंय हे आपल्याला ठाऊकच आहे. सरावाला माणूस कमी पडू नये म्हणून. सामना पुरता निकालात निघाला की लोक त्याच्या नावाचा घोष करतात आणि कोच त्याला शेवटचं मिनिटभर उतरवतात. लोकांना तो आवडतो, पण घरातलं मांजर आवडावं तसा. शुक्रवारी तो उतरला तेव्हा आपले अठ्ठ्याण्णव गुण झाले होते, म्हणजे शंभराला एकच बास्केट कमी. शंभर झाले की दुसऱ्या दिवशी प्रत्येक तिकिटामागे वेंडलच्या दुकानात तळलेल्या पोर्कचं सँडविच फुकट, ही तुमचीच योजना. त्यामुळे सगळं सभागृह पाय आपटून सँडविच, सँडविच असं ओरडत होतं. चेंडू टोबीकडे आला. समोर कोणी नव्हतं. त्यानं तो दोन वेळा जमिनीवर आपटला, मग पोटाशी धरला आणि भोंगा वाजेपर्यंत तसाच उभा राहिला.

मग लोकांनी त्याची हुर्यो उडवली, मामा. आपल्याच माणसांनी, आपल्याच खेळाडूची. कोणी कागदी पेला फेकला. टर्टल रिव्हरचा बोटांना पट्ट्या बांधलेला एक छोटा मुलगा मात्र येऊन टोबीच्या मानेवर हात ठेवून काहीतरी बोलून गेला.

आज आईकडे जेवताना मी टोबीला खोदून विचारलं. तो बटाट्यांवर रस्सा ओतत म्हणाला, यात विचारण्यासारखं काय आहे? मामानं शिकवलं तेच केलं. आठवतं ना, मामा? आईनं आम्हा दोघा भावंडांना घरीच शिकवलं. वाचन तिचं, गणित आणि बास्केटबॉल तुमचं. कोठारातल्या रिंगखाली तुम्ही सांगायचात, की निकाल लागला आणि वेळ संपत आली की चेंडू धरायचा, हरलेल्याच्या अंगावर आणखी एक टाकायचा नाही. टाकला त्याला कोठार झाडावं लागायचं. माझ्यावर ती पाळी एकदाच आली, टोबीवर कधीच नाही.

वसतिगृहात त्याच्या दारावर कोणीतरी पावाची चकती चिकटवली आहे. तुम्ही त्याला दोन ओळी लिहिल्यात तर फार बरं होईल. गुडघ्यांना ॲरिझोनाचं ऊन मानवतंय ना? तिथून आमच्यावर माया धरून असा, एवढंच मागणं.

आपली भाची,
इडा


मेसा, ॲरिझोना
गुरुवार, २० नोव्हेंबर

चि. इडा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र म्हणजे कोर्टातली साक्ष! कोण कुठे उभं होतं, कोणाचा हात कुठे होता. अगं, तिथे लाकडी फरशीवर दहा पोरं चेंडूमागे धावत होती, खून नव्हता झाला. गुडघे ठीक आहेत. शेजारच्या बाईंनी संत्री पाठवली, ती त्यांच्या स्वभावासारखीच निघाली.

टोबीला लिहायचं ते मी फोनवरच बोललो. त्याला सांगितलं, की बाबा रे, तू मला लाखमोलाची जाहिरात करून दिलीस. गावभर एकच विषय आहे. कोच ब्रॅनिगनशीही बोललो. शनिवारी, ६ डिसेंबरला, पुढचं बकरं यायचंय (नाव विसरलो, तूही विसरशील). तेव्हा मधल्या सुट्टीत टोबी आपल्या दुकानाचा एप्रन आणि कागदी टोपी घालून मैदानाच्या मध्यावर येईल, माइकवर लोकांची माफी मागेल आणि टोपलीतली सँडविचं वाटेल. कोच पोट धरून हसले. म्हणाले, गंमत समजणारा मुलगा प्रवासात बरा असतो. नाताळातल्या स्पर्धेला कोणाला न्यायचं ते अजून ठरलेलं नाही, हे लक्षात घे. दोन मिनिटं हसं करून घेतलं की पोराचं वर्षभराचं काम होतंय.

मार्लोचं दुकान तू सांभाळतेस, तेव्हा बाहेरच्या पाटीचं तूच बघ. मजकूर असा : टोबी चुकला, वेंडल चुकत नाही. अक्षरं मोठी.

आणि त्या कोठारातल्या नियमाचं म्हणशील तर तो कोठारापुरता होता. तिथे तिकीट काढून कोणी बसत नव्हतं. तू लहानपणापासून अशीच. खेळाचा नियम सांगितला की त्याचं देवघर करतेस.

आईला नमस्कार सांग. माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच, त्यांची पावती मागू नकोस.

तुझा,
वेंडल मामा


मार्लो
सोमवार, २४ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा यांस,
इडाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाटी अजून लावलेली नाही. सुतार मिळत नाही असं सांगणार होते, पण ते खोटं ठरेल. सुतार मिळतो, माझा हात होत नाही.

परवा शनिवारी आणखी एक सामना झाला. तोही तसलाच, मध्यंतरालाच आपण तीस गुणांनी पुढे. खेळात बघण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा लोकांनी बाकड्याकडे बघायला सुरुवात केली. टोबी सहकाऱ्यांना पाणी द्यायला उठला की हुर्यो, बसला की टाळ्या. विद्यार्थ्यांच्या बाजूला वीस-पंचवीस जण डोक्यावर पावाच्या आकाराच्या टोप्या घालून आले होते. मागच्या रांगेतला एक जण मुलाला समजावत होता, की तो बघ, ज्यानं आपलं सँडविच घालवलं तो. त्या माणसानं गाडी लावायला जेवढे पैसे मोजले असतील, तेवढ्यात त्याला चार सँडविचं विकत मिळाली असती. जानेवारीत खरा सामना हरताना हीच माणसं पाच मिनिटं आधी उठून कोट शोधतील. तेव्हा मात्र त्यांची हुर्यो उडवायला कोणी नसेल.

कोच हे सगळं बघत होते आणि हसत होते. चाळीस गुणांची आघाडी असताना हसायला फारसं धाडस लागत नाही.

मामा, टोबीनं माफीला हो म्हटलं आहे. मी त्याला विचारलं, का म्हणून? तो म्हणाला, कोचनी सगळ्या संघासमोर विचारलं. हो म्हटलं तर खेळाडू, नाही म्हटलं तर टॉवेल दुमडणारा. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? काल त्यानं आईच्या गॅरेजमध्ये भाषणाची तालीम केली. लोकहो, मी तुमच्या पोटावर मारलं, इथपर्यंत छान बोलतो, हावभावही करतो. माझं चुकलं, यापाशी आला की थांबतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि पुन्हा तिथेच थांबतो. आईनं ऐकलं. ती इस्त्री करत होती तीच करत राहिली.

मी तुमची योजना मोडा म्हणत नाही. एवढंच बदला : टोबी एप्रन घालेल, टोपी घालेल, सँडविचं वाटेल, लोक हसले तर हसेल. पण माफी मागणार नाही. जे चुकलं नाही ते चुकलं असं त्याच्या तोंडून वदवू नका. तुम्ही कोचना एक फोन केलात तर ते ऐकतील. तुमचं नाव मैदानाच्या भिंतीवर त्यांच्या नावापेक्षा मोठं आहे.

गुरुवारच्या सणाला आईनं भोपळ्याचं गोड सारण भरलेली पाय करायची ठरवली आहे. तुमच्या वाटणीचा तुकडा पर्डमकाकांच्या घरी जाणार. तुमच्या मनात आमच्यासाठी जागा आहे असं धरून चालते.

इडा


मेसा
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चि. इडा,
अ. उ. आ.

नाही. माफी नसेल तर गंमत कसली? नुसती सँडविचं तर माझा आचारीही वाटेल. लोकांना माफी हवी आहे, कोचना लोक हवे आहेत, आणि लोकांना वाटायच्या कागदी टोप्या छापून आल्या आहेत.

तू टोबीच्या तोंडून बोलतेस की तुझ्या, ते आधी ठरव. पोरगं तयार आहे. रडतेयस तू.

तरीही इतकं झोंबत असेल तर तुझ्या हातात आहेच की. मी हिवाळाभर इथे असतो म्हणून विद्यापीठाच्या क्रीडा कार्यालयातल्या कागदावर या वर्षी तुझी सही आहे. जा आणि शंभराची योजनाच मोडून ये. जाशील? दुसऱ्याच्या टेबलावरचं मीठ मागायचं तर तू तीनदा उठून तीनदा बसतेस. तेव्हा उगाच मोठे शब्द वापरू नकोस. पाटी लाव, शनिवारी पुढच्या रांगेत बस आणि भावासाठी टाळ्या वाजव.

पायचा तुकडा त्या पर्डमला दिलास याबद्दल मात्र खरोखर राग आला आहे. तो सोडून बाकी सगळी माया शाबूत.

वेंडल मामा


मार्लो
सोमवार, १ डिसेंबर

तीर्थरूप मामा यांस,
इडाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुपारी आलं. मीठ मागण्याबद्दल लिहिलंत ते खरं आहे. मी तीनदा बसते. म्हणून या वेळी बसण्याआधीच चौकशी केली.

क्रीडा कार्यालयातल्या मिसेस टिलॉटसन यांना फोन करून माझ्या सहीचा अर्थ काय होतो ते विचारलं. त्यांनी मजकूर वाचून दाखवला. मी पुन्हा वाचायला सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, पोरी, पहिल्यांदा होता तोच आहे. शंभर गुणांची योजना दुकान चालवणाऱ्याला कोणत्याही सामन्याआधी मागे घेता येते. मात्र स्वतः जाऊन लिहून द्यावं लागतं. योजनाच नसली तर शनिवारी टोबीनं माफी मागायची ती कशाची? रिकामी टोपली घेऊन त्याला मैदानावर उभं करण्याइतके कोच खुळे नाहीत. निदान लोकांसमोर तरी नाहीत.

माझ्या तोंडून की टोबीच्या, हा तुमचा प्रश्न मला लागला. मला त्याची भीती होतीच. म्हणून संध्याकाळी त्याच्या वसतिगृहावर गेले आणि तुमचं पत्र त्याला वाचायला दिलं. त्यानं ते वाचून घडी घालून परत दिलं. मी सांगितलं, की मी हे केलं तर तू नाताळात घरी बसशील, कदाचित पुढेही बसशील, आणि ते माझ्यामुळे झालेलं असेल. तू नको म्हण, मी हा विषय पुन्हा काढणार नाही. तो बुटाची नाडी ओढत बसला. मग म्हणाला, मला खेळायचंय गं. खूप खेळायचंय. मला वाटलं, संपलं. मी कोट घेतला. तेव्हा तो म्हणाला, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही, आणि शनिवारी मी सगळ्यांसमोर त्याच जागी थांबणार. तू जा. फक्त मामाला आधी सांग, त्याला दुसऱ्याकडून कळायला नको. तू जाऊन आलीस की कोचना मीच सांगेन. माझ्यासाठी तिथे तू बोलू नकोस.

म्हणून हे पत्र. जलद टपालानं पाठवते आहे, बुधवारी तुमच्या हातात पडेल. फोन करायला हवा होता, पण फोनवर तुम्ही मला हसवाल आणि मी हो म्हणून बसेन. मला अडवायचं असेल तर बुधवारचा उरलेला दिवस तुमच्याकडे आहे. कार्यालयाला कळवून माझी सही काढून टाका. मी तक्रार करणार नाही. दुकानातून काढून टाकलंत तरी चालेल. किल्ल्या आईकडे ठेवते, पोर्कची मागणी शुक्रवारपर्यंतची देऊन ठेवली आहे आणि नव्या मुलीला तेल कधी बदलायचं ते शिकवलं आहे. टोप्या मागच्या खोलीत आहेत, एकही गठ्ठा उघडलेला नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण न लिहिणं लबाडी होईल. त्या लोकांबद्दल मला कधी फार आदर नव्हता. फुकटच्या सँडविचसाठी कोणी काय ओरडावं याचं मला नवल वाटलं नाही. कोचचंही नाही. कोठारातला नियम कोठारापुरता होता, हे तुम्ही लिहिलंत, तेव्हा मात्र मी तो कागद उलटा करून ठेवला. कोठार नव्हतं तिथे टोबीनं तो पाळला. मग तो शिकवला कोणी, हे मी आता टोबीला विचारणार नाही.

माया राहिली तर तसं कळवा, आटली तर तेही कळवा. अंदाजानं धरून चालायचं मी सोडलं आहे. क्रीडा कार्यालयात मी जाते आहे ते गुरुवारी, ४ डिसेंबरला.

इडा